उलट्या हाताचं शास्त्र

घरची वीज घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या जुन्या गृहस्थाला आजकाल बेफिकीर ठरवण्याची पद्धत पडली आहे. सॉकेटात उघड्या वायरी कोंबून त्या काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करणारा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळणारा, वायरीच्या जोडाला जखमेवरची चिकटपट्टी लावणारा हा माणूस जिवावर उदार झालेला होता, असं त्याची नातवंडं ठामपणे सांगतात. हा आरोप खोटा आहे. एरवी तो चालत्या बसमधून उतरायचा आणि विहिरीच्या कठड्यावर बसून गप्पा मारायचा हे खरं. पण विजेच्या बाबतीत त्याच्याइतका सावध माणूस त्या काळात शोधून सापडला नसता.

त्याची तयारीच पाहा. लाईट गेली की पहिली तपासणी स्वतःच्या घराची नसायची. आधी खिडकीतून समोरच्या चाळीकडे बघायचं. सगळीकडे अंधार असेल तर तो प्रश्न वीजमंडळाचा. मग घरात एक प्रकारची शांतता पसरायची आणि कंदिलाची काच पुसायला घेतली जायची. समोर उजेड असेल तर मात्र मामला गंभीर, कारण आपलीच गेली याचा अर्थ आपल्याच घरात काहीतरी बिनसलं. मग स्टूल यायचं. स्टुलावर पाट यायचा. पायांत रबरी चपला यायच्या, आणि देवघरावरून चपला घालून जायची मुभा असलेला घरातला हा एकमेव विधी होता. हात पंच्याला कोरडे केले जात. अंगठी आणि घड्याळ उतरवून फळीवर ठेवलं जाई. मुलाच्या हातात बॅटरी दिली जाई, जिचा झोत नेमका नको तिथे पडे. बायकोने लाटणं घेऊन उभं राहायचं आणि नवरा चिकटलाच तर त्या लाटण्याने त्याचा हात सोडवायचा, अशी सूचना असे. हा अधिकार एरवी तिला कुणी दिला नसता. त्यानंतर ‘मेन बंद केलंय ना?’ आणि ‘केलंय म्हटलं ना!’ हा संवाद दोनतीनदा व्हायचा. बेफिकीर माणसाचं वागणं असं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की काळजी भरपूर होती, पण ती सगळी हातावर खर्च झाली; घराच्या वाट्याला काही उरलं नाही. विजेची उत्तरं देण्याची रीत दुहेरी आहे. उघड्या तारेला बोट लावलं तर ती तिथल्या तिथे सांगते. तीच तार पेलणार नाही इतका भार तिच्यावर टाकला, तर ती वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी गप्प राहते, महिनोन् महिने नोंद करत जाते. आपला गृहस्थ पहिल्या प्रकारच्या उत्तरात अत्यंत तयार झालेला होता. दुसऱ्या प्रकारचं उत्तर असतं, हेच त्याला मान्य नव्हतं.

पहिल्या प्रकारातलं त्याचं ज्ञान किती पक्कं होतं, ते उलट्या हाताच्या रिवाजावरून कळतं. लोखंडी टेबलफॅनच्या अंगात वीज उतरली असेल अशी शंका आली की त्याला तळहाताने शिवायचं नाही, हाताची पाठ लावायची. हे कुठल्याही शाळेच्या पुस्तकात नव्हतं. पण त्यामागचं कारण खणखणीत आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते, तिने स्नायू आखडतात, आणि हाताची मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा बलवान असतात. तळहात लावला तर हात वस्तूला धरून बसतो. पाठ लावली तर आखडलेला हात मागे येतो. ‘करंट चिकटून घेतो’ हे चाळीतलं निरीक्षण अमेरिकेत बर्कलीच्या चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकाने 1940च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. पुरुषाला धरलेली तार सोडता येते ती सरासरी 16 मिलिअँपिअरपर्यंत, त्यापुढे नाही. 60 वॉटचा बल्ब याच्या सोळापट वीज घेतो. म्हणजे बर्कलीच्या प्रयोगशाळेला जे सिद्ध करायला उपकरणं लागली, ते आपल्याकडे हाताच्या पाठीवर लिहिलेलं होतं. याला अडाणीपणा म्हणायची माझी तयारी नाही.

टेस्टरच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी स्वतःच्याच पायात अडकायची. टेस्टरमध्ये छोटा निऑनचा दिवा आणि एक प्रचंड मोठा रोध असतो. पेचकसाचं टोक तारेला आणि बोट मागच्या टोपीला लावलं की वीज दिव्यातून, आपल्या अंगातून जमिनीत जाते, इतकी किंचित की आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणजे टेस्टर पेटायचा तर माणूस जमिनीशी जोडलेला हवा. आणि आपला गृहस्थ तर रबरी चपलेत, पाटावर, पाट स्टुलावर अशा तिहेरी बंदोबस्तात उभा! दिवा मिणमिणायचा, दिवसाउजेडी तर दिसायचाच नाही, आणि निष्कर्ष निघायचा की वीज नाही. शिवाय घरातला टेस्टर वर्षभर डब्याची झाकणं उचकटायला, कुंडीतली माती उकरायला आणि पोरांची सायकल खोलायला वापरलेला असे. त्याने निदान करावं ही अपेक्षाच जास्त होती.

आता फ्यूजकडे येऊ, कारण या खटल्यातला मुख्य पुरावा तोच आहे. पांढऱ्या चिनीमातीचं किटकॅट, त्यात दोन पितळी स्क्रू, आणि दोघांच्या मधे एक नाजूक तार. घरातली प्रत्येक गोष्ट टिकण्यासाठी बनवलेली असते. ही एकच मरण्यासाठी बनवलेली असते. भिंतीतली वायर तापायला लागण्याआधी हिने वितळावं, एवढीच हिची नोकरी. जिथे छत्रीची काडी तीनदा बदलली जाते, भांड्यांना दरवर्षी कल्हई होते आणि जुन्या लुगड्यांची गोधडी तिसरी पिढी पांघरते, त्या घरात ‘मुद्दाम कमकुवत ठेवलेली वस्तू’ ही कल्पनाच कुणाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती. सारखी तुटते म्हणजे ती वाईट. वाईट वस्तू बदलून चांगली घालायची. चांगली म्हणजे जाड.

यातली खरी गंमत पुढे आहे. फ्यूजची तार घरात नसली की जुन्या फ्लेक्सिबल वायरीचं कापड सोलून आतल्या तांब्याच्या बारीक तारांमधली एक तार काढून घालत. हे ऐकून आजचा अभियंता कपाळाला हात लावेल. त्याने लावू नये. त्या काळी सर्रास मिळणाऱ्या वायरीत इंचाच्या 76 दशसहस्रांश जाडीच्या 23 तारा असत, म्हणजे एकेक तार मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाला किंचित कमी. पाच अँपिअरच्या फ्यूजसाठी कोष्टकात जी तांब्याची तार सांगितली आहे, तिचा व्यास 0.20 मिलिमीटर आहे! म्हणजे एक तार घालणारा गृहस्थ, त्याला माहीत नसताना, जवळजवळ तंतोतंत नियमाप्रमाणे वागत होता. तो तिथे थांबला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण एक तार बिचारी केविलवाणी दिसते. हाताला लागत नाही, स्क्रूखाली घट्ट बसत नाही, आणि पुन्हा तुटली तर पुन्हा पाट, पुन्हा चपला, पुन्हा लाटणं. म्हणून तो दोन तारा एकत्र पिळायचा. मग ‘कशाला कटकट’ म्हणून तीन. तीन तारांनी फ्यूजची ताकद ढोबळमानाने तिप्पट होते, भिंतीतल्या वायरीची मात्र होती तेवढीच राहते. सहा तारांचा पीळ घातला की फ्यूज घरातली सर्वांत टिकाऊ वस्तू व्हायचा. त्यानंतर वितळण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागणार होतं; त्यासाठी भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर टिनाच्या क्लिपांनी बसवलेली, आतलं रबर वाळून भुगा झालेली वायर तयारच होती.

आणि मुळात फ्यूज आपल्याला वाचवण्यासाठी आहे असा त्याचा पक्का समज होता. ‘शॉक लागला तर फ्यूज उडेल’ असं तो घरच्यांना सांगे. पाच अँपिअरचा फ्यूज उडायला साधारण त्याच्या दुप्पट वीज लागते, आणि माणसाचा हात चिकटायला लागते त्याच्या शेकडो पटींनी कमी. माणूस तारेला धरून बसला तर फ्यूजला त्याची दखल घ्यायचंसुद्धा कारण नाही. फ्यूज घराचा रक्षक, माणसाचा नव्हे. हाताची इतकी चिंता असलेल्या माणसाने घराच्या रक्षकाला हाताचा रक्षक समजावं, आणि मग त्यालाच जाड तार घालून निकामी करावं, यात एक सलग तर्क आहे आणि तो पहिल्या पायरीपासून चुकलेला आहे.

पण नुसत्या गैरसमजावर एवढा डोलारा पन्नास वर्षं उभा राहत नाही. त्याला विजेचीही साथ होती. इतर कामांत चुकीची दुरुस्ती लगेच तोंडावर पडते: कल्हई नीट बसली नाही तर ताक कळकतं, छप्पर नीट शाकारलं नाही तर ताटात पाणी पडतं. विजेची चुकीची दुरुस्ती केली तर वस्तू पूर्वीपेक्षा चांगली चालते. गेलेला बल्ब काढून कानाशी हलवायचा, आतली तुटलेली तार एकमेकांवर आणून अलगद होल्डरमध्ये बसवायचा, आणि बटण दाबताच तो लागायचा, इतकंच नव्हे तर आधीपेक्षा लख्ख लागायचा. लागणारच, तार आखूड झाली, रोध कमी झाला, वीज जास्त वाहू लागली. घरात कौतुक. चार दिवसांनी तो कायमचा जायचा, तेव्हा दोष बल्बच्या कंपनीला. कॉइलच्या शेगडीचं तेच. मातीच्या खोबणीतली नायक्रोमची कॉइल तुटली की दोन्ही टोकं चिमट्याने ओढून एकमेकांत अडकवायची. प्रत्येक वेळी कॉइल बोटभर आखूड होई आणि शेगडी पूर्वीपेक्षा लालबुंद होई. ‘आता चहा लवकर होतो’ असं प्रमाणपत्र मिळालेल्या शेगडीने वायरीतून किती जास्त वीज ओढली, हे कोण कशाला मोजेल?

गणपतीच्या मखराची माळ या शास्त्रातलं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. सहा-सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकामागून एक जोडलेले. एक गेला की सगळी माळ अंधारात. चतुर्थीच्या आदल्या रात्री अपराधी शोधण्याचा कार्यक्रम चाले आणि घरातले सगळे पुरुष त्यात आपापली पद्धत घेऊन उतरत. अपराधी सापडला की त्याच्या जागी नवा बल्ब घालण्याऐवजी त्याच्या दोन वायरी सोलून पिळत आणि वर चिकटपट्टी. माळ लागे. उरलेल्यांच्या वाट्याला व्होल्टेज किंचित वाढून आलेलं असे, त्यामुळे ती अधिक झळके. दुसऱ्या दिवशी आणखी एक बल्ब जाई, कारण त्याच्यावर भार वाढलेला. त्यालाही तसाच निरोप. गौरी जेवेपर्यंत तीसेक उरत आणि मखर असं काही उजळलेलं असे की शेजारी विचारायला येत, माळ कुठून आणली. या माळेतली प्रत्येक पिळलेली जोडणी उघडी, जरीच्या कागदाला आणि थर्माकोलला खेटून. विघ्नहर्ता समोर बसलेला होता म्हणून, एवढंच म्हणता येईल.

काही दुरुस्त्या निर्दोष होत्या, हेही नोंदवायला हवं. ट्यूबलाइट लागत नसेल तर शेजारच्या ट्यूबचा स्टार्टर काढून हिला लावायचा, ही लागली की परत तिला. एका स्टार्टरवर दोन खोल्या. यात काहीच चूक नाही, ट्यूब एकदा पेटली की स्टार्टरला काम उरत नाही. कंडेन्सर गेलेला छताचा पंखा नुसता गुणगुणत बसला की त्याला झाडूच्या दांड्याने ढकलून सुरू करत. तोही चालायचा, फक्त उलट बाजूने ढकलला तर तो निमूटपणे उलटा फिरायचा आणि घरातले लोक वारा का लागत नाही याचा विचार करत बसायचे.

सर्वांत वाईट गत झाली ती तिसऱ्या तारेची. थ्री-पिन प्लगचा वरचा पिन इतर दोघांपेक्षा जाड आणि लांब असतो, कारण प्लग खोचताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं. एवढा विचार ज्याच्या लांबीत साठवलेला आहे, त्या पिनाला आपल्याकडे वायरच जोडलेली नसायची. दोन तारांची वायर आणायची, प्लग तीन पिनांचा लावायचा आणि वरचा स्क्रू रिकामा ठेवायचा. प्लग सॉकेटात बसावा म्हणून काहीजण तो पिन कापूनही टाकत. कारण उघड होतं: तिसऱ्या तारेशिवाय कशाचंही अडत नाही. फ्रीज गार करतो, मिक्सर वाटतो, इस्त्री तापते. जी तार काढल्याने काहीही बंद पडत नाही, ती उगाचच घातलेली असणार, असा निष्कर्ष कुठलाही काटकसरी माणूस काढेल. मग कधीतरी फ्रीजच्या दाराला मुंग्या येऊ लागायच्या. आणि इथे पुन्हा हाताचं शास्त्र पुढे सरसावे. फ्रीजसमोर लाकडी फळी टाकली जाई, किंवा फ्रीज उघडण्यासाठी एक खास चपलांचा जोड ठेवला जाई. टू-पिन प्लगची वस्तू असेल तर प्लग उलटा लावून बघत. मुंग्या बंद झाल्या की प्लगच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देत, पुन्हा चूक व्हायला नको म्हणून. घरात शिरलेल्या विजेला बाहेर काढायचं सोडून तिच्याशी कसं वागायचं याचे नियम ठरवले जात, आणि नव्या सुनेला ते पहिल्याच दिवशी सांगितले जात.

होल्डरची कथा याहून लांब पल्ल्याची. दोन्ही तारा एकाच रंगाच्या असलेल्या पिळाच्या वायरीने नवा पॉइंट काढला की बटण फेजवर बसलं की न्यूट्रलवर, हे निव्वळ नशिबावर. न्यूट्रलवर बसलं तरी दिवा लागतो, विझतो, तक्रारीला जागा नाही. फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच जागे राहतात. ज्याने जोडणी केली तो चपला-पाटासह सुखरूप खाली उतरतो. आठ वर्षांनी बटण बंद आहे याची खात्री करून बल्ब बदलायला चढलेल्या भाच्याला त्याची पावती मिळते.

आता जुन्या पिढीचे वकील दोन मुद्दे मांडतील. पहिला, की परवडत नव्हतं आणि वायरमन मिळत नव्हता. वायरमनचं खरं आहे. ‘संध्याकाळी येतो’ म्हणालेला वायरमन कोणत्या संध्याकाळी ते सांगत नसे. कायदाही गृहस्थाच्या बाजूने होता. 1956च्या भारतीय विद्युत नियमांतला 45वा नियम म्हणत असे की विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं. पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं यांची नुसती अदलाबदल त्यातून वगळली होती, अट एवढीच की त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलू नये. आपल्याकडे या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांना पाठ होता. पैशाचं म्हणाल तर शेगडीची कॉइल, नवा बल्ब, नवी माळ यांना पैसे पडत, तिथे काटकसर समजू शकते. फ्यूजची तार मात्र पुठ्ठ्याच्या कार्डावर गुंडाळलेली, विजेच्या दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू. काळी इन्सुलेशन टेपही तशीच. जिथे धोका सर्वांत मोठा तिथेच बचत सर्वांत लहान होती. मग ती तार घरात का नसे? कारण ती आठवायची अंधार झाल्यावर, तेव्हा दुकान बंद. सकाळी दुकान उघडायचं तेव्हा घरात लाईट असायची, आणि लाईट असलेल्या घरातून फ्यूजची तार आणायला कोण जातो?

दुसरा मुद्दा अधिक जोरकस आहे: एवढं सगळं केलं, तरी आमची घरं जळली नाहीत. हे बहुतांशी खरं आहे, फक्त त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. त्या घरात होतं काय? चाळीस-साठ वॉटचे दोनतीन बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी मोठ्या मुश्किलीने एक अँपिअर. सहा तारांच्या पिळाची परीक्षा कधी झालीच नाही, कारण वायरीला तापवायला लागणारी उपकरणंच घेण्याची ऐपत नव्हती. घर गरिबीने वाचवलं, दुरुस्तीने नव्हे. ज्या घरात आधी इस्त्री आली, मग मिक्सर, मग न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या जागी दोन हजार वॉटचा गीझर, जो एकटाच जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, त्या घरातला जुना जाड फ्यूज मात्र तसाच राहिला, कारण तो कधी उडतच नव्हता. ज्यांची घरं पेटली, ती माणसं कट्ट्यावर बसून ‘आम्हाला काही झालं नाही’ असं सांगायला नाहीत. वर्तमानपत्रात आगीच्या बातमीखाली शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज छापून येतो आणि वाचणारा ते वादळवाऱ्याच्या बातमीसारखं वाचून पान उलटतो. आपल्या घराच्या माळ्यावर चिकटपट्टीत गुंडाळलेला एक जोड आहे, याची त्याला आठवणही होत नाही.

वकिलांचा युक्तिवाद इथे संपतो. खटला मात्र संपत नाही. कारण आता किटकॅटच्या जागी एमसीबी आले. त्यांत तार पिळता येत नाही, म्हणून सहा अँपिअरचा सारखा पडू लागला की दुकानात जाऊन बत्तीसचा आणतात; तो दिसायला सारखाच असतो आणि त्याच खाचेत बसतो. आणि त्याच्याही पुढचं एक यंत्र आलं आहे, ज्याला आरसीसीबी म्हणतात. डाल्झिएलनेच अमेरिकेत 1960च्या दशकात या प्रकारच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ते सतत हिशेब ठेवतं आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतं. तिसऱ्या तारेने जे सांगायला वर्षं घेतली असती, भिंतीतल्या ओलीने जे कधीच सांगितलं नसतं, ते हे यंत्र ताबडतोब, खटकन आवाज करून सांगतं. उशिरा मिळणारं उत्तर तत्काळ देणारं हे पहिलंच यंत्र. त्यामुळे जूनच्या पहिल्या पावसात, भिंती ओलावल्या आणि गॅलरीतल्या दिव्यात पाणी शिरलं की ते पडतं. उचललं तर पुन्हा पडतं. रात्री अकराला फ्रीजमधलं दूध आणि उद्याच्या डब्याची भाजी आठवते, आणि घरातल्या कर्त्या माणसाचं निदान क्षणात होतं: यंत्र खराब आहे. सकाळी वायरमन येतो, झाकण उघडतो, आतल्या वायरी त्याच्या वरच्या वर जोडून ‘डायरेक्ट’ करून देतो. त्यानंतर ते कधीही पडत नाही, आणि काम चोख केल्याबद्दल वायरमनला त्याच इमारतीतून आणखी चार बोलावणी येतात.